मागच्यांना ऐकू आलं नाही

एम्लिन प्रॉसरला आयुष्यात एकच शब्द ऐकायचा होता, आणि तोही एकाच बाईच्या तोंडून. शब्द काही मोठा नव्हता. मॉर्गन पॅच या खाणींच्या गावात तो आता कुणीही येता-जाता उच्चारी, लोक टोपीवर छापून घालत, गाडीच्या मागच्या काचेवर चिकटवत. पण बर्नीस सिंकावेजनं तो स्वतःबद्दल कधी उच्चारला नव्हता. ऐंशी वर्षांची बाई. तिच्या आईनं या गावात डेमोक्रॅट पक्षाचं काम पाहिलं, आईमागं हिनं पाहिलं. गावात कोण आजारी, कुणाचं पोर दारूला लागलंय, कुणाला काम हवंय, हे पाद्र्याच्या आधी तिला कळायचं.

मार्चमधल्या एका सकाळी ती एम्लिनच्या दारात उभी राहिली. हातात फडक्यानं झाकलेलं ताट होतं. एम्लिनला आधी वाटलं, म्हातारी दार चुकली.

"आत घेतोस की हे इथंच गार होऊ दे?" ती म्हणाली. "पिरोगी आहेत. बटाटा भरून उकडलेल्या. तुझ्या बापाला आवडायच्या."

"या ना, मिसेस सिंकावेज."

ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली, कोट न काढता. शेजारच्या खोलीत ग्विलिम प्रॉसर, एम्लिनचा बाप, चाकांच्या खुर्चीत टीव्हीसमोर बसला होता. वय एक्क्याण्णव. टीव्हीचा आवाज एवढा मोठा होता की कपाटातल्या बशा किणकिणत होत्या, आणि तरी तो मधूनच म्हणे, "काय म्हणाला तो?"

"माझ्या टेसाला काम पाहिजे," बर्नीस म्हणाली. टेसा म्हणजे तिची नात. "काउंटीच्या वृद्धाश्रमात लाँड्रीत जागा निघालीय. पगार बेताचाच, पण विमा आहे. तिच्या पोराला दमा आहे, माहितीय ना तुला?"

"मग अर्ज करू दे तिला."

"अर्ज कसा करायचा ते तू मला सांगणार? आमच्या वेळीही अर्जच करायचे लोक. कुठला अर्ज ढिगात वर ठेवायचा, ते माझी आई सांगायची. नंतर मी सांगायची. आता तू सांगतोस. म्हणून आलेय."

हे ती इतक्या सरळ बोलली की एम्लिनला थोडं कसनुसं झालं. तो त्या गावचा रिपब्लिकन पक्षाचा माणूस होता. एकेकाळी त्या पक्षाची माणसं गावात हाताच्या बोटांवर मोजावी एवढी. खाणीतले लिथुआनियन, पोलिश, आयरिश सगळे एका बाजूला, आणि प्रार्थनामंदिरात जाणारी चारदोन वेल्श घरं दुसऱ्या बाजूला. मग खाणी गेल्या, शर्टांचे कारखाने गेले, युनियनचं ऑफिस विकून तिथं कुत्र्यांचे केस कापायचं दुकान निघालं. आणि माणसं एकेक करून, कुणाला न सांगता, मतदारयादीत आपल्या नावापुढचा पक्ष बदलून यायला लागली. काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, कचेरी त्याच्या पक्षाकडं फिरली. एम्लिनला घरपट्टीच्या खात्यात टेबल मिळालं. सगळ्या पेनसिल्व्हेनियात दोन पक्ष जवळजवळ बरोबरीनं धावत होते, त्यामुळे असा एकेक बदललेला मतदार म्हणजे बातमी होती.

पण एम्लिनच्या मनात त्या वेळी यातलं काही नव्हतं. त्याच्या मनात आगीच्या बंबाचा हॉल होता, गावच्या मतदानाची जागा.

तो अकरा वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. खाण बंद पडून सहा महिने झाले होते. घरात कोबी आणि नूडल, नूडल आणि कोबी. बाप बर्नीसकडे गेला. ती तेव्हा तिशीची होती. तिनं सांगितलं, रस्ते दुरुस्त करणाऱ्या सरकारी टोळीत जागा आहे, पण आधी पक्ष बदल. प्रॉसरांच्या घरात आजोबापासून सगळे रिपब्लिकन. आजोबा खाणीत मुकादम होता, त्यामुळे गावानं त्यांना तसंही कधी जवळ केलं नव्हतं. बापानं पक्ष बदलला. मग मे महिना आला. मे महिन्यात दोन्ही पक्ष आपापले उमेदवार निवडतात, ज्याच्या नावापुढं जो पक्ष त्याला त्याच पक्षाची मतपत्रिका मिळते. त्यामुळे अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये टेबलापाशी जाऊन आपलं नाव आणि आपला पक्ष तोंडानं सांगावा लागतो, चारचौघांत. नोव्हेंबरातल्या खऱ्या निवडणुकीत कोण काय करतं ते देवाला माहीत, पण मे महिन्यात गावाला माहीत.

एम्लिन बापाच्या मागं उभा होता. हातात बटाट्याची तळलेली गरम ब्लीनी, बोटांना तेल. टेबलामागं बर्नीस बसलेली.

"प्रॉसर, ग्विलिम," बाप पुटपुटला. "डेमोक्रॅट."

बर्नीसनं कानामागं हात धरला. "मोठ्यानं बोल, ग्विल. मागच्यांना ऐकू आलं नाही."

सगळा हॉल हसला. बाप पुन्हा बोलला, मोठ्यानं. हॉल आणखी हसला. एम्लिनला बापाचा चेहरा दिसला नव्हता. दिसली होती ती मान. लाल झालेली, कॉलरच्या वर आलेली. ती मान पन्नास वर्षं त्याच्या डोळ्यांसमोरून हलली नाही. पुढच्या सोमवारी बाप फावडं घेऊन रस्त्याच्या टोळीत गेला आणि निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिला.

"माझी एक अट आहे," एम्लिन म्हणाला.

"असणारच."

"पक्ष बदलायचा."

शेजारच्या खोलीतल्या टीव्हीवर कुणीतरी गाडीचा विमा विकत होतं.

"एवढंच?"

"आणि मे महिन्यात हॉलमध्ये येऊन मत द्यायचं. पोस्टानं नाही. स्वतः यायचं."

तिनं त्याच्याकडं पाहिलं. तिचे डोळे मोतीबिंदू काढल्यापासून उगाचच तरुण दिसत. "आण तुझा फॉर्म," ती म्हणाली.

तिनं सही केली. पेन परत देता देता म्हणाली, "आणखी आहेत का रे? दे एक गठ्ठाच. माझ्याकडं बिंगो खेळायला येणाऱ्या बायका आहेत. मनानं कधीच्या तुमच्याकडं गेल्यात, पण मला लाजतात. मी गेले म्हटल्यावर येतील."

एम्लिननं गठ्ठा दिला. ती गेल्यावर त्यानं उभ्या-उभ्याच तीन पिरोगी खाल्ल्या.

लाँड्रीतली जागा त्याच्या आदल्याच आठवड्यात भरली होती. काउंटीचे पक्षाध्यक्ष हार्लन राइकवाइन यांच्या मेव्हण्याला ती दिली होती, आणि तो अर्ज ढिगात वर ठेवणारा हात एम्लिनचाच होता. हे त्यानं बर्नीसला सांगितलं नाही. जूनमध्ये सांगू, असं त्यानं ठरवलं. काय शब्दांत सांगायचं तेही ठरवलं होतं.

एप्रिलभर बिंगोच्या बायका येत राहिल्या. कुणी एकटी, कुणी बहिणीला घेऊन, कुणी नवऱ्याला दंडाला धरून. राइकवाइननी काउंटीच्या बैठकीत एम्लिनला उभं केलं. "मॉर्गन पॅच!" ते ओरडले. "अरे, तिथं आपला माणूस कुत्रं चावायच्या भीतीनं जात नव्हता! बघा याच्याकडं!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग राइकवाइन खाली वाकून त्याच्या कानात म्हणाले, "आता तुझ्या म्हाताऱ्याचं काय? अजून तिकडंच आहे ना?" आणि हसले.

"तो आला केव्हाच," एम्लिन म्हणाला. आणि ते खरं होतं.

जानेवारीत, पेन्शनच्या कागदांवर बापाच्या सह्या घेताना, त्यानं मध्ये पक्ष बदलायचा कागदही सरकवला होता. बापानं चष्मा मागितला नाही, मुलगा दाखवेल तिथं सही करायची त्याला सवय होती. नवं कार्ड पोस्टानं आलं ते एम्लिननं जुन्या बॅटऱ्यांच्या खणात टाकलं. त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही. उलट, बापाकडून जे काढून घेतलं होतं ते आपण त्याला परत दिलं, असंच त्याच्या मनानं घेतलं होतं. पन्नास वर्षांत बापानं स्वतःहून पक्ष पुन्हा का बदलला नाही, हा प्रश्न त्याला पडला होता, नाही असं नाही. त्याचं उत्तरही त्यानं शोधलं होतं: माणूस मोडला की मोडतो.

आता एकच राहिलं होतं. बर्नीसच्या तोंडचा तो शब्द बापानं ऐकायला हवा होता, स्वतःच्या कानांनी, त्याच हॉलमध्ये. बापाची तब्येत पाहता पुढच्या मे महिन्याचा भरवसा नव्हता.

मतदानाच्या दिवशी एम्लिननं बापाची दाढी केली, टाय बांधला, कानात यंत्र बसवलं आणि त्याची बॅटरी नवी घातली.

"कुठं निघालो आपण?" ग्विलिमनं विचारलं.

"बंबाच्या हॉलला, पॉप. मत द्यायला."

"ब्लीनी असतील?"

"असतील."

"मग चल."

हॉलमध्ये तोच तेलाचा वास होता. मागच्या बाजूला बायका कढया घेऊन बसल्या होत्या. टेबलामागं नदीन हिंको, शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण, समोरच्या स्क्रीनवर लोकांची नावं शोधत होती. एम्लिननं बापाची खुर्ची कॉफीच्या मोठ्या भांड्याजवळ लावली. तिथून टेबल सरळ दिसत होतं. बापाच्या हातात त्यानं कागदात गुंडाळलेली ब्लीनी दिली.

लोक येत होते, नाव आणि पक्ष सांगत होते. दहातले आठ तोच शब्द. एम्लिनचं स्वतःचं नावही त्या मतपत्रिकेवर होतं. गावात पक्षाचं काम कुणी पाहायचं तेही त्याच मतपत्रिकेवर ठरतं, पण उभा तो एकटाच, म्हणून त्यानं तिकडं लक्ष दिलं नव्हतं. एक गोष्ट मात्र त्याच्या नजरेत आली. बिंगोच्या बायका पडद्याआड फार वेळ लावत होत्या. आत गेली की बाहेर येईना. वय झालं बिचाऱ्यांचं, असं त्याला वाटलं.

अकराच्या सुमाराला बर्नीस आली. केस सेट केलेले, ओठांना रंग, ईस्टरला घालतात तो निळा कोट. ती टेबलाशी जाऊन उभी राहिली.

"सिंकावेज, बर्नीस," ती म्हणाली. "रिपब्लिकन."

एम्लिन पुढं झाला. पुढचं वाक्य त्यानं आरशासमोर दाढी करताना म्हणून पाहिलं होतं, गाडीत म्हणून पाहिलं होतं. त्यानं कानामागं हात धरला.

"मोठ्यानं बोला, मिसेस सिंकावेज. मागच्यांना ऐकू आलं नाही."

कुणी हसलं नाही.

लोकांनी एम्लिनकडं पाहिलं, मग बर्नीसकडं. ज्यांना तो जुना दिवस आठवला असता ते बहुतेक डोंगरावरच्या दफनभूमीत होते. कढईवरची एक बाई म्हणाली, "आम्हाला आलं की ऐकू! रिपब्लिकन म्हणाली ती. कान तपासून घे, एम्लिन."

"रिपब्लिकन!" बर्नीस चर्चच्या गायनात वरचा सूर लावावा तशी म्हणाली. आणि मग, एम्लिनच्या डोळ्यांदेखत, लोक टाळ्या वाजवू लागले.

"आली बाबा एकदाची!"

"बर्नीस, तुझी आई थडग्यात कूस बदलत असेल!"

"बदलू दे, तिची पाठ नेहमीच दुखायची," बर्नीस म्हणाली, आणि आता मात्र सगळे हसले. कुणी तिच्या खांद्यावर हात टाकला. कुणी तिला ब्लीनी दिली, साखर घातलेली.

पन्नास वर्षं जपून ठेवलेली गोष्ट खिशातून काढावी आणि समोरच्यांनी ती कसली आहे हेही विचारू नये, तसं एम्लिनचं झालं. पण बाप होता. बापानं ऐकलं असलं तर बास. तो खुर्चीशी वाकला.

"ऐकलंत, पॉप? काय म्हणाली ऐकलंत?"

"कोण?"

"बर्नीस सिंकावेज."

"बर्नी?" म्हाताऱ्यानं मान वळवली. तोंडाला ब्लीनीचं तेल लागलं होतं. "बर्नी आलीय? कुठंय?"

"पॉप, ती काय म्हणाली ते..."

"आधी मत देऊ. मग भेटू तिला. ढकल."

एम्लिननं खुर्ची टेबलाशी नेली. नदीन हसून म्हणाली, "या, मिस्टर प्रॉसर. नाव आणि पक्ष?"

ग्विलिम ताठ बसला. बहिरा माणूस बोलतो तसा तो बोलला, हॉलच्या पलीकडच्या भिंतीपर्यंत. "प्रॉसर, ग्विलिम! डेमोक्रॅट!"

नदीननं स्क्रीनकडं पाहिलं. मग एम्लिनकडं पाहिलं. "इथं रिपब्लिकन दिसतंय, मिस्टर प्रॉसर."

"काय?"

"रिपब्लिकन!"

"कोण?"

"तुम्ही!"

"मी?" म्हातारा हसला. "नाही गं पोरी. चूक असेल तुझी. पन्नास वर्षं झाली. इथंच सांगितलं मी, या टेबलावर. बर्नीला विचार."

"जानेवारीत बदललाय," नदीन म्हणाली. तिला बिचारीला हळू बोलायची सोय नव्हती. "तुमची सही आहे."

"मी कधी केली सही?" ग्विलिम मान वर करून मुलाकडं पाहू लागला. रागानं नाही. लहान मूल विचारतं तसं. "एम्लिन, मी कशावर सही केली?"

सगळा हॉल एम्लिनच्या उत्तराची वाट पाहत होता. ज्यांनी गुपचूप पक्ष बदलला होता ते, ज्यांना त्यानंच फॉर्म दिले होते ते, सगळे.

"ते पेन्शनच्या कागदांबरोबर..." एम्लिन पुटपुटला.

"काय म्हणतोय?" बापानं विचारलं. "मला ऐकू येत नाही."

बर्नीस गर्दीतून पुढं आली. "ग्विल," तिनं म्हाताऱ्याचा हात धरला.

"बर्नी!" ग्विलिमचा चेहरा उजळला. एम्लिननं बापाचा तसा चेहरा कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. "अगं, हे म्हणतात मी तिकडचा आहे. सांग यांना. त्या दिवशी काय हसले होते लोक! मी मुद्दाम हळू बोललो, आणि तू म्हणालीस..." त्याला हसूच आवरेना. तो आजूबाजूच्यांना सांगू लागला. "आमचं आधीच ठरलं होतं, हिचं आणि माझं. हिच्या स्वयंपाकघरात. ही म्हणाली, ग्विल, टोळीतले लिथुआनियन तुला मुकादमाचा पोरगा म्हणून छळतील. तू एकदा त्यांना हसव. हसले की सोडून देतात. आणि खरंच सोडून दिलं! पहिल्याच दिवशी डबा वाटून खाल्ला माझ्याबरोबर. ही नसती तर आम्ही उपाशी मेलो असतो. हा," त्यानं मुलाकडं बोट केलं, "हा एवढासा होता."

ती लाल मान. हसू दाबून धरलं की मान लाल होते, हे एम्लिनला आज एकसष्टाव्या वर्षी कळत होतं.

ग्विलिम अजून बर्नीसचा हात सोडत नव्हता. त्याच्या डोक्यात वर्षं एकमेकांत मिसळत चालली होती. त्याचा आवाज एकदम खाली आला, गरजू माणसाचा होतो तसा. "बर्नी, या पोराचं पण काही बघ ना. घरीच असतो. दिवसभर माझ्यामागं. रस्त्याच्या टोळीत, नाहीतर कुठंही. कष्टाला मागं नाही तो. मी हात जोडतो."

बर्नीसनं म्हाताऱ्याच्या डोक्यावरून एम्लिनकडं पाहिलं. मग ती वाकली. सावकाश, अगदी सावकाश, तिनं कानामागं हात धरला.

"मोठ्यानं बोल, ग्विल. मागच्यांना ऐकू आलं नाही."

"माझ्या पोराला काम दे!" ग्विलिम प्रॉसर सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा ओरडला.

हॉल हसला. टाळी वाजवून, टेबलावर हात आपटून, डोळे पुसत हसला. घरपट्टीच्या नोटिसा पाठवणारा माणूस, ज्याच्यासमोर ते टोपी काढून उभे राहत, तो लाल होत समोर उभा होता. नदीन हिंकोसुद्धा तोंडावर हात धरून हसत होती. आणि या वेळी एम्लिनला बापाचा चेहरा समोरून दिसत होता. त्या तोंडात दात नव्हते, आणि ते सगळ्यांपेक्षा मोठं हसत होतं.

"बरं, आता दे जे असेल ते," ग्विलिम डोळे पुसत नदीनला म्हणाला. मग त्याला आठवलं. "बर्नी, तू कुठं असतेस आता?"

"रिपब्लिकन."

"मग ठीकंय," तो म्हणाला. "मला वाटलं, चुकून झालं."

मतपत्रिका भरायला मदत लागते म्हणाला. मदतीला कोण हवं ते मतदारानं सांगायचं असतं. एम्लिननं खुर्चीची मूठ धरली होती, पण बाप म्हणाला, "बर्नी येईल." ती दोघं पडद्याआड गेली. पडद्याखालून चाकं आणि निळ्या कोटाची कड दिसत होती. एम्लिनला आतून बापाचा आवाज येत होता, कारण बापाला हळू बोलता येत नव्हतं. "कुठं? या रिकाम्या ओळीवर? तूच लिही की. बरं, मी लिहितो. हात धर माझा."

छापील नावाखाली एक रिकामी ओळ असते. तिथं कुणाचंही नाव हातानं लिहिता येतं. एम्लिनच्या नावाखालीही ती होती. बिंगोच्या बायका आत एवढा वेळ का लावत होत्या, ते तेव्हा त्याच्या ध्यानात आलं.

हॉल बंद झाल्यावर नदीननं दारातच निकाल वाचून दाखवला. गावात रिपब्लिकन पक्षाचं काम पाहायची जागा बर्नीस सिंकावेजला गेली होती, हातानं लिहिलेल्या मतांवर, आणि जवळपास दुपटीनं. राइकवाइनचा फोन आला. एम्लिननं घेतला नाही. मग फोन वाजला तो बर्नीसच्या पर्समध्ये.

"हो, हार्लन," ती म्हणाली. "मीच बोलतेय. आभारी आहे. उद्या सकाळी येते तुझ्याकडं. माझ्या नातीचं एक काम आहे."

तिनं फोन ठेवला. एम्लिन झेंड्याच्या खांबाशी उभा होता.

"लाँड्रीची जागा कुणाला दिलीस, ते मला तुझ्या दारात यायच्या आधी ठाऊक होतं," ती त्याला म्हणाली. आवाजात राग नव्हता, गंमतही नव्हती. "राइकवाइनच्या मेव्हण्याची आई बिंगोला येते माझ्याकडं."

"मग आलात कशाला?"

"माझ्या घरात माणसं उरली नव्हती रे. सगळी तुझ्या घरात बसलेली. मी एकटीनं तिकडं काय करायचं?" ती पर्स मिटून निघाली, मग थांबली. "तुझ्या त्या घरपट्टीच्या टेबलाचं काय करायचं ते बघू पुढं. तुझा बाप बोललाय माझ्याशी, तेव्हा बघावं लागेल."

एम्लिन घरी आला तेव्हा अजून उजेड होता. दुपारी बापाला शेजारणीनं घरी आणून ओसरीत बसवलं होतं. टाय तसाच होता, टायवर तेलाचा डाग. समोरच्या घरांच्या ओसऱ्यांवरही माणसं होती. मे महिन्यात सगळे तसे बाहेर बसतात. हॉलमधली गोष्ट त्यांच्यापर्यंत केव्हाच पोचली होती. कुणी हात केला नाही, पण बोलणं मात्र थांबलं.

"काय म्हणाली बर्नी?" बापानं विचारलं. "होईल का तुझं काही?"

"झालं, पॉप. आत चला."

"काय?"

"आत चला."

"ऐकू येत नाही," ग्विलिम म्हणाला, आणि कानामागं हात धरला. खरंच ऐकायला. "होईल का म्हणाली?"

एम्लिन पायरीवर उभा राहिला. समोर कुणाची तरी झुलती खुर्ची थांबली. बाप वाट पाहत होता, मुलाला काम लागणार म्हणून सुखावलेला.

"बघते म्हणाली," एम्लिन म्हणाला.

"मोठ्यानं बोल रे!"

"बघते म्हणाली, पॉप!" एम्लिन प्रॉसर ओरडला. "माझ्या कामाचं बघते म्हणाली!"